शिसे : कामाचे कुठे, घाताचे कुठे

साक्षरता वर्गात आपण प्रथम पाटी धरतो. पाटीनंतर हाती येते शिसपेन्सिल. तिच्या नावातच शिसे आहे. पण शिसपेन्सिलीत शिसे नसते, बरं का! गुंजभरसुद्धा नसते. तिच्यातली काळी कांडी ग्राफाइटची असते. ग्राफाइट हा कोळशाच्या गोत्रातला एक मऊ, काळा पदार्थ आहे. तो खाणीत सापडतो. तो मातीत कालवतात, भाजतात आणि त्याच्या बारीक कांड्या करतात.

मग शिशाचे नाव कुठून आले? इंग्लंडच्या उत्तर भागात बॉरोडेल नावाचे एक खोरे आहे. तिथल्या डोंगरात सोळाव्या शतकात ग्राफाइटचा मोठा साठा सापडला. कागदावर ओढले की त्याची रेघ उठे. शिशाचीही रेघ उठते. म्हणून लोक म्हणाले, हे काळे शिसेच आहे. पुढे ते शिसे नाही, असे ठरले. पण एकदा पडलेले नाव काही पुसले नाही.

खरे शिसे वेगळे. ते आपल्या आसपास पुष्कळ आहे, पण ते दिसत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीत ते आहे. कोळ्याच्या जाळ्याच्या खालच्या दोरीला जड मणी ओवलेले असतात, ते शिशाचे. बंदुकीच्या गोळीत ते असते. मारुतीच्या अंगावरच्या शेंदरात असते. हे शिसे आपले काय काम करते आणि कुठे आपला घात करते, ते या पाठात आपण पाहू.

आधी त्याचा स्वभाव पाहू.

शिसे भारी जड असते. एका भांड्यात एक लिटर पाणी मावते असे समजा. त्या पाण्याचे वजन एक किलो. तेच भांडे लोखंडाने भरले तर लोखंड पावणेआठ किलोंच्या आसपास भरेल. आणि शिशाने भरले तर? सव्वाअकरा किलोंच्याही थोडे वर. म्हणून लहानसा मणी जाळ्याला पाण्यात खाली ओढतो.

एवढे जड, पण अंगाने मऊ. नखाने ओरखडा उठतो. सुरीने कापता येते. पातळ पत्रा असला तर हाताने दुमडता येतो. पितळी ताट खाली पडले तर खणखणते. शिसे पडले तर नुसते 'थप्प' वाजते. ताजे कापले की चांदीसारखे चकाकते, पण ती चकाकी टिकत नाही. हवा लागताच वर राखाडी साय धरते. ही साय मात्र उपयोगाची. ती आतल्या शिशाला जपते. लोखंडाला गंज लागला की तो आत आत खात जातो. शिशाचे तसे होत नाही. दोन हजार वर्षे जमिनीत पुरलेला शिशाचा नळ उकरून काढला, तरी तो नळच असतो.

आणखी एक गुण सांगतो. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यातच आहे. शिसे लवकर वितळते. लोखंड वितळवायला पंधराशे अंशांहून जास्त उष्णता लागते. तांब्याला एक हजार पंच्याऐंशी अंश लागतात. शिशाला फक्त तीनशे सत्तावीस! म्हणजे मोठा कारखाना नको, मोठा भाता नको. परसातली चूल आणि लोखंडी कढई एवढ्यावर शिसे पातळ होते. म्हणूनच माणसाला हा धातू फार जुन्या काळी साधला. आणि म्हणूनच तो आजही नको त्या ठिकाणी, नको त्या हातांनी वितळवला जातो. ते पुढे येईलच.

शिसे जमिनीतून निघते तेव्हा ते शिशासारखे दिसत नाही. ते बहुधा गंधकाशी जडलेले असते. त्याचा दगड काळसर, चकचकीत आणि जड असतो. फोडला तर त्याचे चौकोनी तुकडे पडतात. या दगडाला गॅलेना म्हणतात. तो भट्टीत भाजला की गंधक धुरावाटे निघून जातो. मग कोळशाबरोबर पुन्हा तापवला की खाली शिसे उतरते.

आपल्या देशात शिशाच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत. उदयपूरच्या दक्षिणेला डोंगरात जावर नावाचे ठिकाण आहे. तिथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ खाणकाम चालत आले आहे. तिथल्या दगडात शिसे, जस्त आणि चांदी एकत्र असतात. जुन्या लोकांनी तिथे मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी करून जस्त काढले. वापरून झालेल्या मुशींचे ढीग आजही तिथे पडलेले दिसतात. लोकांनी त्याच मुशी रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या. टाकाऊ मुशींची भिंत! भीलवाडा जिल्ह्यात रामपुरा आगूचा येथेही शिसे आणि जस्त यांची फार मोठी खाण आहे.

चांदीचे नाव निघाले म्हणून सांगतो. जुन्या काळी पुष्कळ ठिकाणी लोक शिशाच्या मागे लागले ते शिशासाठी नव्हे, चांदीसाठी. शिशाच्या दगडात थोडी चांदी दडलेली असते. शिसे तापवून त्यावर हवा फुंकली की शिशाची राख होते आणि चांदीचा मणी मागे उरतो. चांदी राजाच्या खजिन्यात जाई. शिसे मात्र ढिगाने उरे. एवढ्या शिशाचे करायचे काय?

रोम शहरातल्या लोकांनी त्याचे नळ केले. रोम आताच्या इटली देशात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दूरच्या डोंगरातून पाणी आणीत आणि शिशाच्या नळांनी हौदांना, घरांना पुरवीत. त्यांच्या लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणत. आज नळ जोडणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो, तो शब्द तिथूनच आला आहे. आपल्या गावचा प्लंबर प्लास्टिकचे नळ जोडतो, पण नाव मात्र शिशाचे लावतो!

त्याच काळात रोममध्ये विट्रूव्हियस नावाचा एक बांधकामाचा जाणकार होऊन गेला. त्याने लिहून ठेवले, की शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातले पाणी प्रकृतीला चांगले. पुरावा कोणता? तो म्हणाला, शिशाचे काम करणारे कामगार पाहा, त्यांचे चेहरे पांढरेफटक पडलेले असतात. केवढी साधी गोष्ट, पण त्याने डोळे उघडे ठेवून पाहिली. लोकांनी मात्र ऐकले नाही. ते तर शिशाच्या भांड्यात द्राक्षांचा रस आटवीत. आंबट रस शिशाला लागला की शिसे त्यात उतरते आणि रसाला गोडी येते. होय, शिशाचे हे विष चवीला गोड असते. जीभ त्याला ओळखत नाही.

आपल्या मुलखातही शिसे जुने आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहन राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी पैठण. तेव्हा त्या शहराला प्रतिष्ठान म्हणत. सातवाहनांनी चांदीची नाणी पाडली, तांब्याची पाडली, तशी शिशाचीही पाडली. शिशाची नाणी पाडणारे राजे जगात थोडेच झाले. कोल्हापूरच्या बाजूला राज्य करणाऱ्यांनीही शिशाची मोठमोठी नाणी काढली, त्यांवर धनुष्यबाण आहे. सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे.

जहाज का? व्यापार मोठा होता म्हणून. त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासी पुस्तकात भडोच बंदराची हकीकत आहे. पश्चिमेकडून जहाजे येत. त्यांतून तांबे, कथील आणि शिसे उतरे, असे त्यात लिहिले आहे. आणि पैठणहून व तेरहून गाड्या भरून माल भडोचला जाई. तेर गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तेरचे कापड बाहेर जाई, बाहेरचे शिसे आत येई. बाजारातल्या रोजच्या देण्याघेण्याला हलके नाणे लागते. शिसे मऊ, त्यावर ठसा सहज उठतो. पण मऊ असल्यामुळे ते झिजतेही लवकर. आज ती नाणी सापडतात तेव्हा पुष्कळांवरची अक्षरे पुसट झालेली असतात.

पुढे बंदुका आल्या आणि शिशाचे दिवस पालटले. चुलीवर वितळणारा जड धातू! साच्यात ओतला की गोळी तयार. कित्येक शतके गोळी म्हटली की ती शिशाचीच. तो विषय आम्ही इथेच सोडतो, कारण शिशाने केलेले त्याहून मोठे काम सांगायचे आहे.

ते काम म्हणजे छपाई.

आज हे पान छापायला शिशाची अक्षरे लागत नाहीत. पण पन्नाससाठ वर्षांपूर्वीचे एखादे मराठी पुस्तक घ्या. त्यातले अक्षर न् अक्षर शिशाचे होते. एकेका अक्षराचा एकेक खिळा असे. भिंतीत ठोकायचा खिळा नव्हे, तर छापखान्यातला खिळा. तो बोटाच्या पेराएवढा, चौकोनी, डोक्यावर उलटे अक्षर कोरलेला असे. 'क'चा वेगळा, 'का'चा वेगळा, जोडाक्षरांचे वेगळे. मराठीला असे शेकडो खिळे लागत. लाकडी खणांच्या पेटीत ते ठेवलेले असत. खिळे जुळवणारा उभा राही आणि एकेक खिळा उचलून ओळ लावी. ओळ उलटी वाचायची, तीही झरझर. तुम्हाला आम्हाला सुलटे वाचतानाच घाम फुटतो, आणि तो दिवसभर उलटे वाची!

नुसते शिसे या कामाला चालत नाही. दाबाखाली ते चेपून जाईल. म्हणून त्यात अँटिमनी नावाचा धातू घालीत, त्याने शिसे कणखर होते. थोडे कथील घालीत, त्याने रस साच्यात नीट बसतो. निवताना ही मिसळ फारशी आक्रसत नाही, म्हणून अक्षराच्या कडा स्वच्छ उठतात. जर्मनीत गुटेनबर्ग नावाच्या माणसाने सन १४५०च्या सुमारास अशा ओतीव अक्षरांची छपाई सुरू केली. ते खिळे पुन्हा पुन्हा वितळवता येत. झिजले की ओता, नवे करा.

मुंबईला जावजी दादाजी म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. गरिबीचे घर, शाळेचे शिक्षण फारसे नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. ते काम करता करता खिळा कसा ओतावा, अक्षर सुबक कसे करावे, हे त्यांनी हेरले. पुढे १८६९ साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. त्याचे नाव निर्णयसागर. निर्णयसागरचे देवनागरी अक्षर इतके देखणे ठरले, की संस्कृत आणि मराठी ग्रंथ छापावेत तर तिथेच, असा लौकिक झाला.

खिळ्यांचा जमाना गेला. मग आज शिसे जाते कुठे? जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी दर शंभर किलोंतले ऐंशी किलोंहून जास्त एकाच जागी जाते. ती जागा म्हणजे बॅटरी. टॉर्चचा सेल नव्हे, तर ट्रॅक्टर, ट्रक, रिक्षा, इन्व्हर्टर यांची जड बॅटरी. १८५९ साली फ्रान्स देशातल्या गॅस्ताँ प्लाँते या शास्त्रज्ञाने ती प्रथम बनवली. आत शिशाच्या जाळीदार पट्ट्या उभ्या असतात. काहींवर शुद्ध शिसे असते, काहींवर शिशाचा तपकिरी लेप. त्या पाणी मिसळलेल्या गंधकाच्या ॲसिडात बुडालेल्या असतात. दोन्ही पट्ट्यांवर ॲसिडाची क्रिया होते आणि वीज वाहते. उलट बाजूने वीज भरली की पट्ट्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात. म्हणून बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करता येते. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या अंगावर जाड, जड कपडा असतो. त्यातही पुष्कळदा शिसे घातलेले असते. एक्स-रेचे किरण अंगमासातून पार जातात, पण शिशात अडतात. पाहा, इथे तेच शिसे माणसाला वाचवते.

आता दुसरी बाजू.

आफ्रिका खंडात सेनेगल नावाचा देश आहे. त्याची राजधानी डाकार. तिला लागून समुद्रकाठी थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढीत. कित्येक वर्षे हे चालले होते. फोडलेल्या बॅटऱ्यांची भुकटी वाळूत मुरत गेली. मग शिशाचा भाव वाढला. लोकांना कळले, की या वाळूतच शिसे आहे, चाळले तर पैसे मिळतात. बाया वाळूची पोती भरून घरी नेऊ लागल्या. अंगणात, खोलीत बसून त्या चाळू लागल्या. पोरे तिथेच रांगत होती. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत त्या वस्तीतली अठरा लहान मुले दगावली. आधी कुणाला कारण कळेना. पोरांना आकडी येई आणि ती जात. मग भावंडांचे आणि आयांचे रक्त तपासले. त्यात शिसे भरलेले निघाले.

त्या आया काही वाईट नव्हत्या. त्या पोटासाठी काम करीत होत्या. शिसे डंख मारीत नाही, त्याला वास नाही, त्याने हात भाजत नाही. मग भ्यायचे कशाला, असे कुणालाही वाटेल.

शिसे शरीरात शिरते ते दोन वाटांनी. वितळवताना धूर उठतो, तो श्वासातून जातो. भुकटी हाताला, मातीला, कपड्यांना लागते, ती तोंडावाटे पोटात जाते. शिशाच्या तुकड्याला नुसता हात लागला म्हणून विष चढत नाही, पण त्याच हाताने भाकरी खाल्ली तर चढते. एकदा आत गेले की शरीर त्याला चुन्यासारखे समजते. आपल्या हाडांत चुन्याचा अंश असतो, त्या जागी शिसे जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतला चुना बाळासाठी निघतो, त्याबरोबर जुने शिसेही निघते आणि बाळाला पोचते.

मोठ्या माणसाचे पोट दुखते, बद्धकोष्ठ होते, रक्त कमी होते, मनगटाची ताकद जाते, रक्तदाब वाढतो. काहींच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसते. पण खरा घात पोरांचा. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चौपट-पाचपट शोषून घेते. आणि त्याचा मेंदू तेव्हा घडत असतो. शिसे थोडे असले तर पोर आजारी दिसतही नाही. खेळते, जेवते. पण शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, शिकलेले राहत नाही, चिडचिड होते. आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे. मास्तर म्हणतात, लक्ष देत नाही. रक्त तपासायचे कुणाच्या मनात येत नाही. युनिसेफ ही मुलांसाठी काम करणारी जागतिक संस्था आहे. तिने २०२० साली एका अहवालात सांगितले, की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतके शिसे आहे. त्यांत भारतातली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, इतके शिसे चालेल असे कोणतेच सुरक्षित माप नाही.

ही सगळी मुले काही बॅटरीच्या भट्टीजवळ राहत नाहीत. मग शिसे त्यांच्यापर्यंत येते कसे? काही वाटा आपल्या घरातूनच जातात.

कल्हईचेच घ्या. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आपण कल्हई करतो. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाने पुसत न्यायचे. आत चांदीसारखा पांढरा लेप बसतो. कथील खाण्यापिण्याला निर्धोक आहे. पण कथील महाग आणि शिसे त्या मानाने पुष्कळ स्वस्त. दिसायला दोन्ही पांढरी. म्हणून कांडीत शिसे मिसळण्याचा मोह होतो. त्या भांड्यात चिंचेचे सार किंवा ताकाची कढी केली, की रोमच्या द्राक्षरसाची गत. म्हणून कल्हईवाल्याला आधी विचारावे, "काका, कांडी शुद्ध कथलाची आहे ना? जरा वाकवून दाखवा." शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कर्र कर्र असा आवाज येतो. शिसे मुकाट वाकते. कागदावर ओढले तर शिशाची राखाडी रेघ उठते. मात्र भेसळ थोडी असली तर ही पारख चुकू शकते. तेव्हा ओळखीचा, भरवशाचा माणूस असावा हे बरे. भांड्याला डाग देतात, त्या झाळातही शिसे असू शकते. डाग दिलेल्या भांड्यात आंबट शिजवू नये, पिण्याचे पाणी साठवू नये.

शेंदूर म्हणजे तर शिशाचीच राख. शिसे हवेत तापवत राहिले की आधी पिवळी भुकटी होते. तिला मुरदाडशिंग म्हणतात. ती आणखी बेताने तापवली की लाल होते. तोच शेंदूर. देवाला शेंदूर लावायचा तर लावावा, त्याला आमची ना नाही. पण नंतर हात साबणाने धुवावेत, प्रसादाला मग हात लावावा. पोराच्या कपाळाला तो लावू नये. आणि कुणी मुरदाडशिंग किंवा शेंदूर औषध म्हणून पोटात घ्यायला सांगितला, तर घेऊ नये.

काळ्या सुरम्याचेही तसेच. बाजारातला सुरमा पुष्कळदा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या दगडाचा कूट असतो. तो बाळाच्या डोळ्यांत घालतात. बाळ डोळे चोळते आणि बोटे तोंडात घालते. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसे नसते. तरी तान्ह्याच्या डोळ्यांत काहीच घालू नये, असे डॉक्टर सांगतात, आणि ते खरे आहे.

हळदीची गोष्ट मात्र थोडी आशेची आहे. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून काही व्यापारी त्याला पिवळा रंग चोळतात. तो कधीकधी शिशाचा असतो, त्याला लेड क्रोमेट म्हणतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातले हळदीचे नमुने तपासले, तेव्हा शंभरातल्या सत्तेचाळीस नमुन्यांत शिसे निघाले. तिथल्या सरकारने वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केले. भेसळ करणाऱ्यांना दंड केला. बाजारातच यंत्र नेऊन हळद तपासली. २०२१ साली पुन्हा नमुने घेतले, तेव्हा एकाही नमुन्यात शिसे सापडले नाही. दोन वर्षांत! आपल्याकडेही काही ठिकाणच्या हळदीत शिसे सापडलेले आहे. तेव्हा घरी हळकुंड आणून दळायचे असेल तर अति पिवळे, हाताला रंग सोडणारे हळकुंड घेऊ नये.

पेट्रोलमध्येही शिसे घालीत असत, इंजिन ठोके देऊ नये म्हणून. ते धुरातून सगळ्या रस्त्यांवर पसरले. भारतात २००० सालापासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगात शेवटी अल्जीरिया देशात २०२१ साली ते थांबले. घरच्या तेलरंगातही शिसे असे. भारत सरकारच्या नियमाने नोव्हेंबर २०१७ पासून रंगात दहा लाख भागांमागे नव्वद भागांहून जास्त शिसे घालायला मनाई आहे. पण जुन्या दारांवर, खिडक्यांवर जुना रंग आहेच. तो खरवडताना पाण्याने ओला करून खरवडावा, पोरांना दूर ठेवावे आणि खपल्या गोळा कराव्यात.

आता बॅटरीकडे परत येऊ. गावात कुणी जुनी बॅटरी फोडून परसात शिसे वितळवीत असेल, तर ते काम आजच थांबवायला हवे. त्यातून चार पैसे सुटतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बॅटरी अखंड असतानाही तिला मोल असते. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी, तिचे पैसे किमतीतून वळते होतात. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम २००१ साली झाला, २०२२ साली त्या जागी नवा नियम आला. त्या नियमाप्रमाणे बॅटरी परवाना असलेल्या कारखान्यात जावी. तिथे धूर बंद नळ्यांतून नेऊन गाळतात. तिथले शिसे पुन्हा नव्या बॅटरीत येते. आधी सांगितलेच आहे, शिसे कितीही वेळा वितळवता येते.

घरातला माणूस बॅटरीच्या किंवा शिशाच्या कामावर जात असेल, तर त्याने कामावरच हातपाय-तोंड धुवावे आणि कपडे बदलावेत. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. घरी येऊन आधी अंघोळ करावी, मग पोर उचलावे. जमीन कोरड्या केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ उडत नाही. मुलांना उपाशीपोटी ठेवू नये. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. नाचणी, दूध, पालेभाजी, डाळ यांतून चुना आणि लोह मिळते. शरीरात त्यांची उणीव नसली, तर शिशाला आत शिरायला जागा कमी मिळते. पण आत गेलेले शिसे भाजीभाकरीने बाहेर निघत नाही.

शंका आली तर रक्त तपासावे. साध्या रक्ततपासणीत शिसे कळत नाही. 'रक्तातले शिसे तपासायचे आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते. घरी शिशाचे काम होते किंवा शेजारी भट्टी आहे, हेही सांगावे. ते लपवू नये. नुसत्या पोटदुखीवरून डॉक्टरलाही ओळखता येत नाही. गावच्या दवाखान्यात ही तपासणी होत नसेल, तर कुठे होते ते तिथल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तात शिसे फार चढले असेल, तर त्याला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. आणि औषध देऊन पोर परत त्याच अंगणात सोडले, तर शिसे पुन्हा चढते. म्हणून थियारोयमध्ये नुसत्या औषधावर भागले नाही. घराघरांच्या अंगणांतली माती खणून उचलून न्यावी लागली.